दोन हात कमी पडलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. पूर्वी लांबही होतो.

पावणे गावातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. नेरूळच्या अरविंदरावांनी मला डोंगर चढायला म्हणून घरी आणले आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधले. गॅलरी सातव्या मजल्यावर असल्यामुळे उंचीची हौस तेवढी फिटली.

अरविंदराव गाठ उत्तम मारत. सोडवत मात्र कात्रीने. माझा एक तुकडा गणपतीच्या मखराला गेला. दुसरा जुन्या सोफ्याला बांधून टेम्पोतून नावडे गावाला गेला, तो तिकडचाच झाला. तक्रार कुणाकडे करणार? माझ्यावर चादरी होत्या.

एकदा पावसाळा सरल्यावर ते सोसायटीतल्या मुलांना खारघरच्या डोंगरावर, जंगलात कसे जगावे ते शिकवायला घेऊन गेले. बरोबर पत्नी वैशालीताई, मुलगी जाई आणि मी. पानांचे छप्पर, झाडाच्या सालीची दोरी, दोन दोर जोडायची गाठ, सारे त्यांनी छान शिकवले. "लक्षात ठेवा, सुटते ती गाठ. कापावी लागते तो गुंता!" असेही म्हणाले. ऐकूनच मी दमलो.

दुपारी पाने आणायला गेलेले अरविंदराव शेवाळावरून घसरले आणि घळीत एका अरुंद खडकावर अडकले. पाय मुरगळलेला, खाली खोल उतार. वैशालीताईंनी मला झाडाला बांधून खाली सोडले. मी दोन हात कमी पडलो.

"अहो, हात वर करा ना!"

"केलाय! दोर एवढासा कसा झाला?"

"मखराला विचारा!" वैशालीताई ओरडल्या, पण त्यांचा आवाज कापत होता.

जाईने भराभर केवणीच्या झुडपाच्या फांद्यांची चिवट साल सोलली. वैशालीताईंनी त्या सालीची जाड वेणी घातली, पाय रोवून ओढून पाहिली. मग मला झाडावरून सोडून तिथे वेणी बांधली आणि सकाळी शिकवलेल्याच गाठीने मला तिच्या टोकाला जोडले. आता मी पोहोचलो. मला धरून, एका पायावर, सगळ्या देवांची नावे घेत अरविंदराव वर आले. वेणी करकरली, तुटली नाही. मी मात्र पार पिळून निघालो.

गाठ गच्च बसली होती. अरविंदरावांनी सवयीने खिशातून चाकू काढला.

"बाबा," जाई म्हणाली, "गाठ का गुंता?"

ते सुजलेला पाय पसरून खाली बसले आणि नखांनी गाठ सोडवू लागले. दोन नखे मोडली. मी अजिबात घाई केली नाही.

आता पुन्हा गॅलरीत आहे. पुन्हा चादरी आहेत. मित्रांनो, मागणे एवढेच, की गाठ सोडवायला थोडे बसत जा. मी आणखी दोन हात कमी झालो तरी मला चालेल. लोंबकळायचे तुम्हाला आहे.