दुसरी किल्ली

त्या रविवारी बाबा निळ्या शर्टात, भिजवलेले वाल सोलत बसले होते. दार नेहमीसारखं उघडं होतं.

"माये, आता तुझ्या अंगठ्याची गरज संपली," ते म्हणाले.

"का? रिटायर केलंत मला?"

"दुसरी किल्ली केली. नाक्यावरच्या मोबाइलवाल्या प्रितमने सकाळीच माझा चेहरा टिपून करून दिली."

बाबांची सगळी नोकरी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात झाली. रसायनांनी बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. त्यांची सगळी ओळखपत्रं आता फोनमधल्या एका पाकिटात असत. ते उघडणारी किल्ली फोनच्याच आत होती आणि अंगठा ओळखला की फिरायची. बाबांचा अंगठा तिने कधी ओळखला नाही, म्हणून मी माझा नोंदवला होता. त्यावर त्यांचा ठरलेला विनोद होता: "आमचा बाप अंगठा उठवायचा. मी सही शिकलो. आणि म्हातारपणी पुन्हा अंगठा, तोही पोरीचा!"

"कुठे आहे ही दुसरी किल्ली?" मी विचारलं.

"त्याच्या दुकानातल्या टॅबमध्ये."

"बाबा, अशी कुणाकडे ठेवतात का?"

"अगं, फोनच विचारत होता, दुसरी किल्ली बनवायची का म्हणून. एक किल्ली शेजारी असावीच. आपल्या घराची आवडाबाईकडे नाही का, तू शाळेत होतीस तेव्हापासून? काय नेलं तिने?"

"नेलं ना!" समोरच्या दारातून आवडाबाई ओरडली. "परवाच तुमचं विरजण नेलं!"

बाबा इतके हसले की हातातला वाल उडून कोचाखाली गेला. प्रितमकडे जाऊन ती किल्ली काढून टाकू, असं मी म्हणाले. बाबांनी मान डोलावली आणि वाकून तो वाल शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

जलदानविधीच्या पत्रिकेचा मजकूर मीच तपासला. 'कालकथित देवराम महिपत कासारे.' आम्हा बौद्धांत कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. ज्याची आता काळच कथा सांगतो तो, असा मी लहानपणी त्याचा अर्थ लावला होता. प्रूफातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, पण कुणी वाचून दाखव म्हटल्यावर कागद आवडाबाईच्या हातात दिला. फोनवर विचारणाऱ्यांना मी 'बाबा गेले' एवढंच सांगत होते. गेलेला माणूस कुठेतरी गेलेला असतो.

त्यांचा फोन मी बंद केला नव्हता. एका दुपारी तो उजळला.

'देवराम कासारे, आपली ओळख मागितली जात आहे. ठिकाण: माजिवडा. संमती की नकार?'

मी अंगठा ठेवून नकार दिला आणि तशीच नाक्यावर गेले. प्रितमच्या दुकानाचं शटर खाली होतं. बोर्डही काढून नेला होता.

"प्रितमभाई?" शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला. "वो तो सामान लेके निकल गया. ठाणे साइडला गेलाय बोलतात."

पाकिटाच्या हेल्पलाइनवर एक तरुण, नम्र आवाज होता.

"दुसरी किल्ली काढून टाकायला खातेधारकाचा चेहरा लागेल, मॅडम. कॅमेऱ्यासमोर डोळे मिटायचे, मान वळवायची. लगेच होतं."

"ते नाहीत."

"हरकत नाही, आले की फोन करा."

मी विचारलं, "या विनंत्यांना उत्तरच दिलं नाही तर?"

"तर मुख्य फोन हरवला असं आम्ही धरतो. दुसरी किल्ली मुख्य होते."

"आणि समजा, खातेधारकच..."

"मृत्यू कळवला तर पाकीट कायमचं बंद, मॅडम. दोन्ही किल्ल्या बाद. जवळच्या नातेवाइकाने रेकॉर्डवर तसं स्पष्ट सांगायचं. कळवायचंय का?"

मी फोन ठेवला.

तेव्हापासून मी दोन फोन घेऊन ऑफिसला जाऊ लागले. बाबांचा चार्जर पर्समध्ये, फोन हातात. माजिवड्याच्या एका लॉजमध्ये ते खोली मागत होते. कल्याणला नवं सिम घेत होते. कुठल्याशा कंपनीचे संचालक होऊ बघत होते. मानपाड्याबाहेर कधी न रमलेला माणूस गावभर हिंडत होता आणि मी त्याला दर ठिकाणाहून परत बोलवत होते. नकार, नकार, नकार. स्क्रीनवर दर वेळी त्यांचं नाव यायचं, 'आपण' म्हणून. त्यांच्याशी वर्तमानकाळात बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मग विनंत्या थांबल्या. मला बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी मी भाजी निवडत होते तेव्हा फोन उजळला. 'मुख्य फोन बदलण्याची विनंती. खातेधारकाचा चेहरा तपासला जात आहे.' या वेळी खाली नकाराचं बटण नव्हतं. वर्तुळात एक चेहरा उमटला.

बाबा होते. प्रितमच्या दुकानात गेले त्या दिवशीचा निळा शर्ट, वरचं बटण उघडं. 'डोळे मिटा' अशी सूचना आली आणि बाबांनी डोळे मिटले. मी शेवटचे पाहिलेले त्यांचे डोळे मिटलेलेच होते. हे उघडले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा अंगठा आपोआप स्क्रीनवर गेला.

'मान उजवीकडे वळवा.'

त्यांनी मान वळवली. डावा कान दिसला, गोल आणि धड. बाबांच्या डाव्या कानाची पाळी कारखान्यात ॲसिडने खाल्ली होती. लहानपणी मी तिथे बोट लावून झोपायचे.

मी अंगठा उचलला. माझ्या फोनवरून हेल्पलाइन लावली. तोच नम्र आवाज. मी बाबांचा नंबर सांगितला.

"तपासणी पूर्ण होत आलीय, मॅडम. काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा. कॉल रेकॉर्ड होतोय. खातेधारकाचं पूर्ण नाव?"

"कालकथित देवराम महिपत कासारे."

"कालकथित हे पहिलं नाव का?"

भाजीजवळ पडलेल्या फोनमध्ये तो चेहरा आता हसत होता. 'हसा' अशी सूचना आली होती. समोरच्या दारात आवडाबाई येऊन उभी राहिली होती, माझा आवाज ऐकून.

"नाव नाही ते," मी म्हणाले. "आमच्यात मेलेल्या माणसाला तसं म्हणतात. मी त्यांची मुलगी. माझे बाबा मेले."