दोराचं सुटलेलं टोक

शिडाची होडी दोघा भावांच्या नावावर होती, पण तिच्याविषयी बोलायचा तो थोरलाच. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि आवाज दुकानापेक्षा मोठा. धाकटा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसायची त्याला सवय होती. थोरल्यापुढे मूग गिळून बसायची सवय त्याहून जुनी.

नांगर घ्यायला दोघं बंदरावरच्या दुकानात गेले. दुकानदारीण दोर मोजत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "होडी केवढी? थांबता तिथं तळ कसला आहे? वाळू, चिखल, खडक?"

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "बावीस फूट. तळ वाळूचा, पण कडेला खडक आहेत."

"मग हा न्या." तिनं एक करडा, ओबडधोबड नांगर पायानं पुढे सरकवला. "दहा किलो. वर पाच मीटर साखळी. साखळीच्या वजनानं दांडा खाली झुकतो, तेव्हा कुठं फाळ वाळूत घुसतात. नुसत्या दोरावर नांगर फरफटत येतो."

थोरल्याची नजर मात्र भिंतीवर होती. तिथं चार किलोचा, आरशासारखा चकचकीत नांगर टांगला होता.

"तो काढा."

"तो वल्ह्याच्या होडक्याला. तुमची होडी तो नाही धरायचा."

"दादा, त्या बरोबर सांगताहेत. मी पण वाचलंय की..."

"वाचलंय!" थोरला बाकीच्या गिऱ्हाइकांकडे वळला. "हे आमचे बंधुराज. लहानपणी अंघोळीच्या टबात बुडत होते. मी केस धरून वर काढलं, म्हणून आज समुद्राच्या गप्पा मारताहेत."

लोक हसले. धाकटाही हसला. टबात त्याचं डोकं कुणी दाबून धरलं होतं, हे दोघांनाही पक्कं आठवत होतं. चकचकीत नांगर घेऊन ते बाहेर पडले. साखळी घेतली नाही. साखळीनं होडीच्या रंगावर ओरखडे पडतात, असं थोरल्याचं मत पडलं.

निदान ठेवायचा तरी नीट, म्हणून धाकट्यानं एक अख्खा रविवार घातला. होडीच्या पुढच्या टोकाला एक खण होता. त्याच्या तळाशी लोखंडी कडी होती. तिला त्यानं आधी दोराचं टोक बांधलं, मग दोर इंग्रजी आठाच्या आकारात थरावर थर रचला, वर नांगर ठेवून पट्ट्यानं आवळला. सोबत बायको होती. तिला म्हणाला, "आधी हे टोक. हे बांधायचं राहिलं तर नांगराच्या मागोमाग दोरही जातो, आणि आपण नुसते बघत राहतो."

पुढच्या आठवड्यात थोरल्यानं दुकानाच्या दोन बड्या गिऱ्हाइकांना फिरायला बोलावलं. त्यांच्या थंड बाटल्यांची पेटी ठेवायला त्याला तोच खण हवा होता. नांगर, दोर सगळं ओढून त्यानं मागच्या बाकाखाली कोंबलं. दोर कडीत अडकला, तशी गाठही सोडली. निघताना धाकट्याच्या ते ध्यानात आलं.

"दादा, टोक सुटलंय. पाच मिनिटं दे."

"पाहुणे उभे आहेत, दिसत नाही? चल, बस."

दुपारी वारा फिरला. एका झटक्यात शीड उभं फाटलं आणि होडी खडकांकडे सरकू लागली. बडी गिऱ्हाइकं डोलकाठीला मिठी मारून बसली.

"नांगर काढ!" थोरला ओरडला.

धाकट्यानं पिशव्या भिरकावून नांगर बाहेर काढला आणि दोराचं टोक शोधू लागला. "थांब, बांधतो..."

"मेल्यावर बांधतोस का?" थोरल्यानं नांगर त्याच्या हातातून हिसकला आणि भिरकावला.

दोर सळसळत पळायला लागला. टोक मोकळंच होतं. धाकट्यानं तो उजव्या हातानं धरला, बोटांना त्याचा वेढा बसला, आणि नेमका तेव्हाच नांगर खाली खडकाच्या फटीत अडकला. सगळ्या होडीचा भार क्षणभर त्याच्या बोटांवर आला. मग दोर निसटला. अंगठा आणि त्याशेजारचं बोट त्यानं सोबत नेलं.

होडी खडकावर फुटली. पाणी कमरेएवढंच होतं; बाकीच्यांना खरचटलंसुद्धा नाही.

इस्पितळात थोरला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "टोक बांधायला विसरला हो. एवढं एकच काम दिलं होतं." दोन्ही गिऱ्हाइकांनी मान डोलावली. बायकोनं तोंड उघडलं, तर धाकट्यानं डाव्या हातानं तिचं मनगट दाबलं.

घरी आल्यावर आई त्याच्या खाटेशी बसली. पट्टी बांधलेल्या हातावरून हात फिरवत म्हणाली, "दुखत असेल रे. पण दादाची केवढ्या हौसेची होडी. एकदा माफी माग त्याची, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता."

थोरला दारातच उभा होता.

"चुकलं माझं, दादा."

"जाऊ दे. तू धांदरटच," थोरला मायेनं म्हणाला. "आता घड्याळं काही जमायची नाहीत. दुकानात येऊन बस. आपलाच माणूस आहेस."

तो गेल्यावर बायकोनं विचारलं, "का म्हणालात चुकलं म्हणून?"

"आईला बरं वाटलं ना."

"आणि मला?"



दोन महिन्यांनी ती डबा घेऊन दुकानात गेली. सोफ्यांच्या मधोमध गिऱ्हाइकं जमली होती. "सांग रे, कसा विसरलास ते!" थोरला म्हणाला. धाकटा उठला. तीन बोटांचा हात उंचावून त्यानं स्वतःची नक्कल सुरू केली: वेंधळ्यासारखं टोक शोधणं, डोकं खाजवणं, "अरेच्चा, बांधलंच नाही की!" थोरल्यापेक्षा तो फार छान सांगत होता. लोक पोट धरून हसत होते.

बायकोनं डबा जवळच्या टेबलावर ठेवला आणि ती तिथूनच माहेरी गेली.