कोंबडी कुणी मारली?

कोंबडी सुरी न लावता मेली, तसा अंगणात जमलेला गाव गुडघ्यांवर बसला. निळ्या झग्यातल्या प्रेषित खाबोने ती सेकेटेंच्या बंद घरातून आणली आणि पायाला धरून उंच केली.

"बघा, म्हातारीने घास घेतला. शेगडीजवळ ठेवा म्हटलं होतं ना? मेलेल्यांना थंडी फार वाजते."

म्हातारी म्हणजे सेकेटेंची बायको, मागच्या हिवाळ्यात वारलेली. या हिवाळ्यात सेकेटे गवती छपराचं घर सोडून पत्र्याच्या नव्या घरात आले आणि ती दाराशी उभी दिसू लागली. त्यांचं डोकं ठणके, छाती दडपे. पुरताना रीतीचा बैल कापला नाही म्हणून ती परतली, असं कुणी म्हणे. बाकीचे सून लिनेओकडे बोट दाखवत. खाबोने भूत शिरू नये म्हणून खिडक्यांच्या फटींत मंतरलेल्या चिंध्या कोंबायला लावल्या.

त्याच आठवड्यात त्याच घरात लिनेओची तान्ही मुलगी गेली. गावाने लिनेओला चेटकीण ठरवून माहेरी हाकललं.

मी इथल्या दवाखान्यातली नर्स. मेल्यावरही त्या पोरीचे ओठ लालचुटूक होते. रविवारी भर सभेत मी खाबोला विचारलं, "बाबा, तुमच्या या प्रार्थनाघरात भूत आहे?"

"देवाच्या घरात? काहीतरीच."

"मग इथेच कोंबडी ठेवू."

इतक्या लोकांसमोर त्याला नाही म्हणता येईना. सेकेटेंची पेटती कोळशाची शेगडी आत ठेवली, फटी बुजवल्या, सगळे बाहेर थांबलो. दार उघडलं तर कोंबडी मेलेली. मग शेगडी तशीच, पण खिडक्या उघड्या ठेवून दुसरी ठेवली. ती फडफडत बाहेर आली.

"म्हातारी माझ्या मागे इथवर आली," खाबो म्हणाला. काही जण हसले.

सेकेटे हसले नाहीत. "जुन्या घरात धूर गवतातून जायचा."

"हो. पण कोळशाच्या या वायूला ना रंग, ना वास. आधी डोकं धरतं, मग नाही ते दिसतं, मग माणूस झोपेतच जातो, ओठ तेवढे लाल राहतात."

"चिंध्या मी कोंबल्या. माझ्या हातांनी."



ते सुनेला आणायला गेले, मीही गेले. लिनेओ मका भरडत होती. तिने मान वर केली नाही.

"मामंजी, मी चेटकीण नाही, हे तुम्हाला कोंबडीने सांगावं लागलं?"

ती आली नाही.

खाबोचं प्रार्थनाघर अजून भरतं. माझं सांगणं एवढंच, घरात मेलेलं माणूस दिसू लागलं तर आधी खिडकी उघडा, शेगडी बाहेर काढा. आणि त्यानंतरही दिसलंच, तर दवाखान्यात या. सुनेकडे बोट दाखवू नका.