राजीखुशीचा अर्ज

रुपराव भांडायला आला असता तर मनकर्णाला काही वाटलं नसतं. दहा वर्षांच्या संसारात तिनं त्याचं तोंडही पाहिलं होतं आणि हातही. पण तो हसत होता. लेकीच्या, गोपिकाच्या शाळेपुढं नवा फ्रॉक घेऊन उभा होता आणि हसत होता.

"बरी आहेस ना वं?" तो म्हणाला. पोरीच्या हातात पुडकं दिलं. मग सायकलवर टांग टाकता टाकता, "तारखेले येशीन ना? चुकवू नोको."

तो गेला, तरी मनकर्णा तिथंच उभी राहिली. ज्याच्यावर दावा टाकला, तोच तारखेची आठवण देऊन जातो?

चार महिन्यांपूर्वी रुपरावनं हिंगण्याच्या घरात दुसरी बाई आणून ठेवली, तेव्हा ती पोरीला घेऊन कामठीला भावाकडे निघून आली होती. भाऊ बळीराम कापडाच्या मागावर कामाला. वकील त्यानंच शोधला, भैय्याजी म्हणून. धुतलेले पांढरे कपडे, गोड बोलणं. "खावटीचा दावा टाकू, महिन्याची पोटगी भेटंन," ते म्हणाले, "इथं सही कर, इथं कर, अन् इथं." मनकर्णा चौथी शिकलेली. सही यायची, पण टाइप केलेली कोर्टाची भाषा तिच्या डोक्यावरून गेली. भाऊ शेजारी बसला होता. तिनं सह्या केल्या. भैय्याजींनी सहा महिन्यांनंतरची तारीख सांगितली.

रात्री जेवताना तिनं विचारलं, "दादा, त्याले नोटीस गेली का गा?"

"गेली असंन."

"मंग तो चिडला काहून नाही?"

बळीरामनं ताटातून मान वर केली नाही. "वकील पाहून राहिला ना सारं? तू कायले डोकं लावतं त्याच्यात?"

दुसऱ्या आठवड्यात ती एकटीच भैय्याजींकडे गेली. कागद पाहायला मागितले. "कागद वकिलाजवळ राहते, बाई," ते म्हणाले. मग सहज बोलावं तसं म्हणाले, "अन् पोरगी बापाजवळ राहिली तर काय बिघडलं? आजी बिचारी अंथरुणाला खिळली. तिले पाणी द्यायले कोणी नाही."

मनकर्णा जिना उतरली आणि मधल्याच पायरीवर थांबली. सासू अंथरुणाला खिळली, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मग वकिलाला कोणी सांगितलं?

शेजारच्या बाईनं शहरात धंतोलीतल्या एका महिला मंडळाचा पत्ता दिला. तिथं शनिवारी सिंधूताई नावाच्या वकीलबाई बसायच्या. फी घेत नाहीत, असं ऐकलं आणि मनकर्णाचं मन उलट आणखी आखडलं. फुकट कोण काय देतं? तरी गेली. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या सिंधूताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"फी नाही, तर तुमाले काय भेटते?" मनकर्णानं तोंडावरच विचारलं.

"गाडीभाडं. आणि दुपारचा चहा, तोही पाणचट," सिंधूताई म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "दोन्ही वेळा जाऊन तुमची गाठ एकाच माणसाशी पडली, कोर्टाशी नाही. खावटीच्या कामात सहा महिने पुढची तारीख आणि समोरच्याला नोटीस नाही, हे मला पटत नाही. वकीलपत्र द्या, मी कागद पाहते."

"मी आता कोणत्याच कागदावर सही करत नाही."

मनकर्णाला वाटलं बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. "मग तुमच्या नावानं नक्कल मागा. अर्ज तुमचा आहे, त्याची नक्कल मागायचा हक्कही तुमचा. माझी गरज नाही."

ती त्याप्रमाणे कोर्टात गेली. नकलेचा अर्ज देऊन व्हरांड्यात आली, तर पलीकडे सिंधूताई आणि भैय्याजी समोरासमोर उभे. दोघंही हसत होते. भैय्याजींनी हात जोडले, सिंधूताईंनीही जोडले. म्हणजे ही पण त्यांच्यातलीच!

म्हणून नक्कल हाती आली तेव्हा ती सिंधूताईंकडे गेलीच नाही. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बाबाराव नावाचे म्हातारे टायपिस्ट बसत. त्यांच्यापुढं तिनं कागद ठेवला. कोणाचा आहे ते सांगितलं नाही. "एवढं वाचून द्या, बाबा."

बाबारावांनी बोट फिरवत वाचलं. "आम्ही दोघं अर्जदार नवरा-बायको... एकत्र राहणं शक्य नाही... राजीखुशीनं घटस्फोट मागतो... मुलगी गोपिका ही बापाच्या ताब्यात राहील. अर्जदार क्रमांक दोन हिला खावटी नको." ते थांबले. "कोणाचं हाय, माय?"

"खाली काय लिहिलं हाय?"

"सह्या. रुपराव. मनकर्णा. अन् बाईले ओळखतो म्हणून एकाची. बळीराम."

तिनं पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच नाव आलं. बळीराम सातवी पास होता. गावाकडची सगळी पत्रं घरात तोच वाचायचा.

शनिवारी ती धंतोलीला गेली आणि तोच कागद सिंधूताईंपुढं न बोलता सरकवला. सिंधूताईंनी मोठ्यानं वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडं नव्हता. तेव्हा कुठं मनकर्णानं बाबारावांकडं जाऊन आल्याचं सांगितलं. व्हरांड्यातलं हसणंही सांगून टाकलं.

"रोज तोंडं पाहावी लागतात हो आम्हाला एकमेकांची," सिंधूताई म्हणाल्या. "पण आधी दुसरीकडून वाचून घेतलंत ते बरं केलंत. आता एक सांगा. नवरा पाहिजे?"

"नवरा नको. पोरगी पाहिजे."

"मग घाबरू नका. सहा महिन्यांनी न्यायाधीश तुम्हाला विचारल्याशिवाय हुकूम देत नाहीत. तिथं तुम्ही नाही म्हटलं, की हा अर्ज संपला."

उरलेले दिवस ती भावाच्या घरी जेवली, भांडी घासली, वहिनीशी बोलली. गोपिकाला शाळेत सोडायला आणि आणायला मात्र स्वतः गेली, अंगात ताप असतानाही. बळीराम तिच्याकडे पाहायचा आणि ती आपल्याकडे पाहते आहे असं दिसलं की नजर वळवायचा.

तारखेला भाऊच तिला बसनं घेऊन आला. रुपराव इस्त्रीचा शर्ट घालून आधीच हजर. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, हा अर्ज तुमच्या राजीखुशीचा आहे?"

भैय्याजींनी मान हलवली, तशी तिनंही हलवावी म्हणून.

"नाही, साहेब," मनकर्णा म्हणाली. आवाज कापत होता, पण मागच्या बाकापर्यंत गेला. "मले खावटीचा कागद सांगून सही घेतली. नक्कल काढून वाचून घेतली मी. माही पोरगी मी कोणाले देत नाही."

"बाई घाबरली आहे, साहेब..." भैय्याजी सुरू झाले.

"घाबरली होती," मनकर्णा म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढून भैय्याजींकडं बराच वेळ पाहिलं. अर्ज तिथंच फेटाळला. रुपराव तरातरा बाहेर गेला.

बाहेर पायऱ्यांवर बळीराम खाली मान घालून बसला होता.

"दादा, तुले वाचता येत होतं."

"कंपनीत लावून देतो म्हणे रुपराव. मागाचा कापूस छातीत जाऊन राहिला माह्या, मनकर्णे. म्हटलं, पोरीले बापाघरी खायले भेटंन, तुह्यं दुसरं लग्न पाहू."

"मले विचारलं असतं."

"तू नाही म्हटलं असतं."

"हो," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं भावाचं घर सोडलं. कामठीतच मागासाठी सुताच्या बॉबिन भरायचं काम धरलं, एक खोली घेतली. सिंधूताईंनी खावटीचा खरा दावा टाकला. पुढं दोन वर्षांनी मनकर्णानं स्वतः मागितलेला घटस्फोट मिळाला. गोपिका तिच्याकडेच राहिली.

त्या वर्षी भाऊबीजेला बळीराम आला. त्याला कंपनीत कोणी लावून दिलं नव्हतं, खोकला तेवढा वाढला होता. मनकर्णानं पाट मांडला, ओवाळलं, गरम पुरणपोळीवर तूप वाढलं. तो खाली पाहून जेवत होता आणि तिला त्याची खरोखर दया आली. पण तो बसला होता तिथून कोपऱ्यातली पत्र्याची पेटी दिसत होती, कोर्टाचे कागद ठेवलेली. वाढणं झाल्यावर मनकर्णा सरकली आणि पेटीला पाठ टेकवून बसली.

"आणखी घे ना गा, दादा," ती म्हणाली.