कुठेच न जाणारा जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे आणि माझ्यावर चढून आजवर कोणी कुठेही पोहोचलेले नाही. हसू नका. एका बाजूने थोड्या पायऱ्या चढायच्या, वर दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढा ओटा, आणि पलीकडच्या बाजूने तेवढ्याच पायऱ्या उतरायच्या. संपला जिना. वर माडी नाही, गच्ची नाही, साधा माळाही नाही. ज्या सुताराने मला घडवले, त्याने मापे घेताना पुन्हा पुन्हा विचारले होते की हा लावायचा कुठे. कुठेच नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत कानामागे ठेवली आणि गुपचूप रंधा हाती घेतला. काम मात्र त्याने चोख केले. दोन्ही बाजूंना गुळगुळीत कठडे बसवले, पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवल्या, आणि मी एका इस्पितळाच्या मोठ्या हॉलमध्ये येऊन उभा राहिलो.

हे इस्पितळ जरा वेगळे आहे. इथे ताप उतरवायला किंवा ऑपरेशन करून घ्यायला कोणी येत नाही. ते सगळे दुसरीकडे उरकून, जीव वाचल्यावर माणसे इथे येतात. कोणाच्या अंगावरून वारे गेलेले असते, कोणाचे हाड मोडून जोडलेले असते, कोणाचा मणका दुखावलेला असतो. वाचलेला जीव घेऊन घरी जगायचे कसे, ते शिकायला ती इथे काही आठवडे राहतात. नवा माणूस येतो तेव्हा त्याला वाटते, इस्पितळ म्हणजे खाट आणि खाट म्हणजे झोप. दुसऱ्याच सकाळी त्याचे डोळे उघडतात. नर्स त्याला उठवून बसवते, इस्पितळाचे ढगळ कपडे काढून घरचे कपडे आणि पायात बूट घालायला लावते, आणि मग दिवसभर त्याची शाळा भरते. चालण्याची शाळा फिजिओताईंकडे, म्हणजे माझ्या हॉलमध्ये. पलीकडे एक खरेखुरे स्वयंपाकघर आहे. तिथे एका हाताने चहा करायला, बटणे लावायला शिकवतात. बोलणे अडखळत असेल तर त्याची शिकवणी वेगळी. अधूनमधून विश्रांती मिळते, लाड मात्र होत नाहीत.

माझी सुरुवातीची वर्षे ऐटीत गेली. माणसे माझ्याकडे परीक्षेच्या पेपरकडे पाहावे तशी पाहत, आणि उतरून आली की माझा कठडा थोपटत. मग एके दिवशी पडद्यावर पायऱ्या दाखवणारे चकचकीत यंत्र आले आणि मला कोपऱ्यात ढकलण्यात आले. माझ्या ओट्यावर रबरी चेंडू, फाटक्या उशा आणि एक मोडकी सायकल येऊन बसली. नव्याचे नऊ दिवस असतात हे मला ठाऊक होते, पण हे नऊ दिवस फारच लांबले. मला फार वाईट वाटायचे. शेवटी फिजिओताईंनीच मला पुसून बाहेर काढले. पडद्यावरच्या पायरीवरून पाय घसरत नाही, म्हणून तो सांभाळायची सवयही लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते मनापासून पटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिंपीणबाई आल्या. चाकांच्या खुर्चीतून आल्या. डावे अंग लुळे पडले होते, डावा हात मांडीवर परक्या वस्तूसारखा ठेवलेला होता. उजवा हात मात्र स्वस्थ बसत नव्हता. ज्याच्या-त्याच्या बाहीची शिवण तो चाचपून बघे. फिजिओताईंच्या कोटाचा शिंपी कामचुकार आहे, हे बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केले. जीभ शाबूत होती, एवढे खरे.

त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान असत. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. काका म्हणजे मायेचा महापूर. बाईंनी पेल्याकडे पाहिले की पेला ओठांशी, चपलेकडे पाहिले की चप्पल पायात. बाई सकाळी स्वतःची बटणे लावत बसल्या आणि नर्स नुसती शेजारी उभी राहिली, तेव्हा काका तिच्यावर भडकले होते. इथे माणसे कशाला ठेवली आहेत, असे त्यांनी विचारले. बाईंनीच त्यांना गप्प केले. जन्मात कधी एक बटण लावलं नाहीत माझ्यासाठी, आता कुठून एवढा पुळका आला, असे त्या म्हणाल्या. तेव्हा त्या हसत होत्या. पण त्यांचे एक बटण लागायला वर्तमानपत्र वाचून व्हावे एवढा वेळ लागत होता, आणि काकांना ते बघवत नव्हते.

बाईंपुढे एकच प्रश्न होता आणि तो माझ्याच जातीचा होता. त्यांचे घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर खिडकीपाशी त्यांचे शिलाई मशीन. खाली रस्ता, दवाखाना, गिऱ्हाइकांची घरे. इथे आठवड्यातून एकदा डॉक्टर, नर्स, फिजिओताई असे सगळे एकत्र बसून प्रत्येक पेशंटचा विचार करतात. काय जमले, काय जमत नाही, घरी कधी जायचे, घरी कोण असेल. बाईंच्या बाबतीत त्यांनी स्पष्ट सांगितले होते की जिना सुरक्षितपणे चढता-उतरता आला तरच त्या घरात राहता येईल. नाही तर लेकीकडे जावे लागेल. लेक दुसऱ्या गावी तळमजल्यावर राहत होती. तिने आईसाठी खोली लावूनही ठेवली होती. लेक गुणी होती. पण लेकीचे नाव निघाले की बाई माझा कठडा घट्ट धरायच्या. तिच्याकडे मी कायमची पाहुणी होईन, असे त्या एकदा फिजिओताईंना हळूच म्हणाल्या. हे मी ऐकले आणि तेव्हापासून मलाही चैन पडेना.

माझ्यावर चढायचा नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. बाई तो पाठ म्हणत. कमरेला रुंद पट्टा, डाव्या पायाला प्लास्टिकचा आधार, मागे फिजिओताईंचा हात. एकदा त्या जराशा डुलल्या आणि काकांनी धावत येऊन त्यांचा डावा दंड धरून वर ओढला. तोलच गेला. ताईंनी पट्टा धरला म्हणून बरे, नाही तर माझ्या पिवळ्या कडेवर बाईंचे कपाळ आपटले असते. काका पांढरेफटक पडले. दुबळ्या हाताला कधीच ओढायचे नसते, हे ताईंनी त्यांना शांतपणे सांगितले. त्या दिवसापासून काका हात खिशात घालून बसू लागले, पण खिशातही हात वळवळत राहायचे.

घरचा कठडा कोणत्या बाजूला, असे ताईंनी काकांना विचारले होते. उजव्या हाताला, असे काकांनी छातीठोकपणे सांगितले. मग ताईंनी माझ्या डाव्या कठड्यावर एक जुनी चादर गुंडाळून टाकली. हा नाहीच असे समजायचे. बाई उजवा कठडा धरून चढत, ओटा ओलांडत, तोच कठडा धरून पलीकडे उतरत. दिवसेंदिवस त्यांचा पाय बसत गेला. ताई खूश, काका खूश, डॉक्टरही एकदा येऊन मान डोलवून गेले. लेकीला फोनवर सांगून झाले की आई घरी जाणार.

आणि माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. मित्रांनो, तुमच्या घरचा जिना आठवा. वर गेल्यावर तुम्ही पुढे उतरता का? नाही. तुम्ही परत फिरता, आणि चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो. माझ्यावर कोणाला परत फिरावेच लागत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बाईंचा डावा हात तर कठडा धरूच शकत नव्हता. त्या घरी जाऊन वर चढल्या असत्या, आणि उतरायला निघाल्या त्या क्षणी पडल्या असत्या. ओरडून सांगावे असे फार वाटायचे. पण लाकडाला करकरण्यापलीकडे काही येत नाही, आणि मी करकरलो की वॉर्डबॉय तेल आणून घालायचा.

घरी जायच्या आधी इथे घरच्या माणसालाही शिकवतात. पेशंटच्या अंगात काय चालते ते कळावे म्हणून ताईंनी काकांनाच पेशंट केले. डावा हात गळ्यात बांधला आणि चढायला सांगितले. काका चढले. ओट्यावर गेले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने पाठ फिरवून, आले तसेच परत उतरायला वळले. उजवा हात कठड्याकडे गेला. तिथे चादर होती. तो हात तसाच हवेत राहिला.

काकांनी हाताकडे पाहिले, मग डावीकडच्या उघड्या कठड्याकडे, मग खाली बसलेल्या बाईंकडे. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"चूक माझी आहे," फिजिओताई म्हणाल्या. "मी चढतानाचा कठडा विचारला. उतरतानाचा विचारलाच नाही."

घरच्या जिन्यावर दुसऱ्या बाजूला नवा कठडा बसवता येईल का, याची चौकशी झाली. त्या भिंतीवर विजेचे मीटर होते आणि मध्येच शेजाऱ्यांचे दार. जागाच नव्हती. परवा लेक गाडी घेऊन येणार होती. उरला एकच उपाय, आणि तो ताईंनी सांगितला. उतरताना वळायचेच नाही. तोंड जिन्याकडे ठेवून, तोच कठडा उजव्या हाताने धरून, पाठमोरे उतरायचे. दुबळा पाय आधी खाली सोडायचा. मदतीचा माणूस खालच्या पायरीवर, मागे.

"उलट्या पावलांनी चालायला मी काय भूत आहे?" बाई म्हणाल्या.

एरवी या वाक्यावर हॉल हसला असता. त्या दिवशी कोणी हसले नाही, कारण बाई रडत होत्या. मागे दिसत नाही, पाऊल कुठे पडेल कळत नाही, शेजारीपाजारी दारात उभे राहून बघतील. त्यांना भीती वाटत होती आणि लाजही. ताईंनी जबरदस्ती केली नाही. लेकीकडे जाणे म्हणजे हरणे नव्हे, पण लाजेपायी मात्र ठरवू नका, एवढेच त्या म्हणाल्या आणि दोघांना माझ्यापाशी सोडून बाजूला गेल्या.

काका माझ्या पहिल्या पायरीवर बसले. मग ते बोलले.

"अगं, मी जन्मभर बस मागे घेतली. मला कोणी भूत म्हटलं नाही. मागे कंडक्टर असायचा. तो सांगायचा, मी ऐकायचो. तो कधी आत येऊन स्टिअरिंग धरायचा नाही. मी मात्र रोज तुझं स्टिअरिंग धरतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बूट घालून तयार होत्या. तो सारा दिवस त्यांनी सराव केला, ताईंचा हात पट्ट्यावर ठेवून. संध्याकाळी त्या इतक्या थकल्या होत्या की नर्सने घास भरवला तरी त्या काही बोलल्या नाहीत.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. डॉक्टर आले. लेक आली आणि दाराशीच उभी राहिली. ताईंनी पट्टा काकांच्या हवाली केला, तोल गेला तरच तो धरायचा असे बजावले आणि त्या दूर सरकल्या. चढणे नीट झाले. ओट्यावर बाई उभ्या राहिल्या, वळल्या नाहीत. शिवण चाचपावी तसा त्यांनी कठडा एकदा चाचपून घेतला.

"येऊ दे," काका मागून म्हणाले. बस मागे घेताना म्हणतात तसे, पण आवाज फाटलेला होता.

डावा पाय खाली आला, टेकला. उजवा आला.

"येऊ दे, येऊ दे."

पुढच्या पायरीवर डाव्या पायाचा नुसता चवडा कडेवर टेकला. टाच कडेबाहेर हवेत राहिली. लेक दारातून एक पाऊल पुढे आली आणि ताईंनी तिला हाताने अडवले. काकांचे दोन्ही हात बाईंच्या कमरेपाशी आले. आता हे धरणार, ओढणार आणि दोघेही पडणार, अशी माझी खात्री झाली.

"थांब," काका म्हणाले. "टाच बाहेर आहे."

बाई थांबल्या. समोर त्यांना फक्त माझ्या पायऱ्या दिसत होत्या.

"अहो, मागे आहात ना?"

"आहे."

"मग हात लावू नका."

काकांचे हात तिथेच राहिले, दोन बोटांच्या अंतरावर, आणि टेकले नाहीत. बाईंनी श्वास घेतला. पाय उचलला. तो जड पाय कमरेतून ओढून त्यांनी आत घेतला आणि पुन्हा ठेवला. टाच पूर्ण टेकली. उजवा पाय आला. मग पुढची पायरी, मग जमीन.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. डॉक्टरांनी अटी सांगितल्या. एकटीने जिना उतरायचा नाही, थकवा असेल त्या दिवशी वरच राहायचे, तपासणीला ठरल्याप्रमाणे यायचे. लेकीने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली की पहिले काही दिवस तीच आईकडे येऊन राहील, खालच्या पायरीवर कसे उभे राहायचे ते तिलाही शिकायचे आहे. बाईंनी आधी तिच्या कुर्त्याची उसवलेली बाही पाहिली आणि घरी चल, टाका घालते, असे त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधी कोणी अशा इस्पितळातून परत येईल. आजी असेल, बाबा असतील. त्यांना बटण लावायला वेळ लागेल, पेला हिंदकळेल. तुम्ही धावाल, आणि तुमचे धावणे मायेचेच असेल. तरी थोडे थांबा. जवळ उभे राहायचे आणि हात लावायचा नाही, हे फार कठीण असते. त्या दिवशी काकांच्या कपाळावरचा घाम माझ्या पायरीवर ठिबकत होता, म्हणून मला ठाऊक आहे. पण तसेच उभे राहा. मागे आहात ना, असे त्यांनी न वळता विचारले, तर आहे म्हणायला तुम्ही तिथे असा.