वाकडा पडदा आणि मालनबाईंचा घाट

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक माणूस विचारतो, "हा असा वाकडा का?" खरं सांगतो, मी वाकडा नाही. मी चौतीस इंची रुंद मॉनिटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा. माझी दोन्ही टोकं समोर बसणाऱ्याकडे किंचित वळलेली आहेत. कडेचं चित्र पाहायला त्याला मान फिरवावी लागू नये म्हणून मला असं घडवलं आहे. मला आता पाच वर्षं झाली. माझ्या उजव्या कोपऱ्यातला एक ठिपका कायमचा काळा पडला आहे. तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही चालत नसे. पांढरे झगे घातलेली माणसं हातमोज्यांनीच मला उचलत. मी मोठ्या थाटात जहाजातून आलो आणि पोहोचलो घाटकोपरला, एका कॉम्प्युटरच्या दुकानात. तिथे मला काचेजवळ मांडून ठेवलं आणि हातमोज्यांचं युग संपलं! वडापाव खाऊन आलेली बोटंसुद्धा माझ्यावर फिरली. "झकास आहे यार," असं म्हणून लोक फोटो काढायचे आणि निघून जायचे. तीन महिने मी रंगीत मासे आणि बर्फाचे डोंगर दाखवत उभा होतो.

एका शनिवारी परब कुटुंब दुकानात आलं. मुलगी रुचिरा सत्तावीस वर्षांची होती, अंधेरीच्या एका कंपनीत नोकरीला. तिला गाड्यांच्या शर्यतींचे गेम खेळायचा भारी नाद. तिच्याकडे स्टीअरिंग होतं, पायाखालचे पेडल होते, गिअरचा दांडा होता. फक्त चांगला पडदा नव्हता. तिचे बाबा चंद्रप्रकाश परब एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. तेहतीस वर्षं त्यांनी मुंबई ते कोकण गाडी चालवली होती. आणि आई मालनबाई. त्या घरी शिवणकाम करत. "गुडघे दुखतात, तुम्हीच जा," असं म्हणत होत्या, तरी लेकीच्या हट्टाने आल्या होत्या.

दुकानदार सुयोगने रुचिराला सगळ्यात मोठा मॉनिटर दाखवला. "मॅडम, हा एकोणपन्नास इंची. दोन मॉनिटर शेजारी ठेवल्यासारखा. याच्या वर काही नाही."

रुचिराचे डोळे चमकले. माझा जीव कासावीस झाला. चंद्रप्रकाशांनी मात्र खिशातून मोजायची टेप काढली.

"रुचे, काल आपण वर्तमानपत्रां जोडून भिंतीक लावली, आठवता? ह्या मापाची लावली तेव्हा कपाटाचा दार उघडाक नाय."

"बाबा, कपाट सरकवू ना!"

"खूय सरकवतलंस? गॅलरीत?"

बाप-लेकीची जुंपली. तिथे रिकामी खुर्ची एकच होती, ती माझ्यासमोर. मालनबाई तिच्यावर टेकल्या. त्या दिवशी सुयोगने तिथल्या सगळ्या मॉनिटरांवर ट्रक चालवायचा एकच गेम लावून ठेवला होता आणि माझ्यासमोर स्टीअरिंग जोडलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी स्टीअरिंगवर हात ठेवले, माझ्याकडे नीट पाहिलं, मग शेजारच्या सपाट मॉनिटरकडे, मग त्या थोरल्याकडे.

"रुचे," त्या म्हणाल्या, "ह्याच्यात डावो आरसो दिसता गो. त्या सपाटात तो दिसाकच नाय. आणि त्या मोठ्यात आरसो बघूक अख्खी मान फिरवची लागता. हो बरो."

रुचिरा आईच्या जागी बसली. तिने डोळे डावीकडे नेले, उजवीकडे नेले. मान हलली नाही. "अरे, खरंच की!" ती म्हणाली.

सुयोग हसला. "काकू, तुम्ही उद्यापासून दुकानात या. आम्ही दिवसभर हर्ट्झ आणि पिक्सेल समजावत बसतो. आरशाचं कोणी विचारत नाही."

अशी माझी निवड झाली. पण घरी आलेल्या पाहुण्यांना सांगितलं गेलं, "रुचिराने शोधून शोधून आणलाय हो!" मालनबाई तेव्हा चहा गाळत होत्या.

विक्रोळीत कन्नमवार नगरातल्या त्या घरात माझे पहिले दिवस फार मजेत गेले. रुचिरा कामावरून आली की हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायची. आम्ही दोघांनी किती शर्यती मारल्या, अधूनमधून तो दुकानातला ट्रकही चालवला! ती जिंकली की खुर्चीसकट गोल फिरायची. मग तिला ऑफिसात बढती मिळाली, आणि ती घरी यायची तेव्हा तिच्या डोळ्यांत पडदा बघायचं त्राणच उरलेलं नसायचं. हळूहळू माझ्या कोपऱ्याला हेडफोन लटकले, त्यावर ओढणी आली, पायाशी औषधांच्या पट्ट्या जमल्या. जिच्यासाठी मी आलो तिलाच माझ्यासाठी वेळ नव्हता. दिवसचे दिवस मी काळा ठिक्कर उभा असे.

मला पुसायच्या त्या फक्त मालनबाई. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेऊन, पाणी न लावता, हलक्या हाताने पुसायच्या. एके दुपारी पुसता पुसता त्या थांबल्या. चंद्रप्रकाश वाचनालयात गेले होते, रुचिरा ऑफिसात. मालनबाईंनी कॅलेंडरचं जुनं पान आणलं. त्याच्या मागे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'खालचं गोल बटण. मग थांब. मग ट्रकचं चित्र. मग हिरवं.' लेक खेळत असताना त्यांनी हे सगळं लक्षात ठेवलं असणार.

पहिल्याच वळणावर त्यांनी ट्रक भिंतीत घातला.

"मेलंय!" त्या ओरडल्या आणि मग एकट्याच इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या घरात मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज दुपारी दोन वाजता आमचा प्रवास सुरू व्हायचा. त्यांच्या पायाला भलताच अंदाज होता. शिलाई मशीनवर चाळीस वर्षं ब्लाउजच्या गळ्याची गोलाई काढलेला पाय तो! क्लच कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना आठवड्यात जमलं. त्या कधी घाई करत नसत. सिग्नलला थांबत, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. चार वाजले की मला बंद करत, ओढणी होती तशी घालत आणि पीठ मळायला जात. हे आमचं गुपित सहा महिने टिकलं.

मित्रांनो, इथे आणखी एका गोष्टीबद्दल सांगायला हवं. चंद्रप्रकाशांनी निवृत्त झाल्यावर एक छोटी पांढरी गाडी घेतली होती. पण वर्षभरातच डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आता गाडी चालवायची नाही." त्या दिवसापासून गाडी खाली कव्हर घालून उभी होती. चंद्रप्रकाश तिच्याकडे न बघता पलीकडच्या जिन्याने जायचे. रुचिरा शर्यती जिंकायची, पण खऱ्या रस्त्याला घाबरायची. "बाबा, गेममध्ये ठोकली तर परत सुरू करता येतं. रस्त्यावर कुठलं बटण दाबू?" असं म्हणायची. शेवटी चंद्रप्रकाशांनी गाडी विकायचं ठरवलं. त्यांच्या डेपोतले जुने सोबती कुंडलिक रविवारी ती न्यायला येणार होते.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बऱ्याच महिन्यांनी रुचिरा माझ्यासमोर बसली. गेम उघडला आणि ती चाट पडली.

"बाबा! हा ट्रक अकरा हजार किलोमीटर चाललाय. शेवटच्या नऊ हजारात एक ओरखडा नाही. तुम्ही खेळता? छुपे रुस्तम!"

"माका त्या खेळातला काय कळता?" चंद्रप्रकाश वैतागले. "तूच खेळली असशील आणि विसरलंस."

"मी तर इथे बसलेच नाहीये दिवाळीपासून!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

मालनबाई बाहेर आल्या. हात पिठाचे होते. मी त्यांचा चेहरा रोज दुपारी जवळून पाहिलेला, पण इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

"गाडी इकू नकात," त्या म्हणाल्या.

"आणि चालवतलो कोण?"

"मी."

चंद्रप्रकाश हसले. वाईट मनाने नव्हे, सवयीने. "अगो, तुका जमाचा नाय. तो काय खेळ आसा?"

मालनबाई आत गेल्या. हात धुऊन आल्या, चष्मा लावला आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांनी सगळ्यात अवघड रस्ता निवडला: डोंगराचा उतार, एका बाजूला दरी, मागे मालाने भरलेला ट्रक. मी माझे सगळे रंग पणाला लावले. कधी नव्हे ती मला भीती वाटत होती. समजा, नेमका आजच ट्रक दरीत गेला तर?

चंद्रप्रकाश त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. पहिलं तीव्र वळण आलं. "आता तिस..." त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच मालनबाईंचा डावा हात तिसऱ्या गिअरवर गेला होता. पुढच्या वळणाला त्यांचं तोंड उघडून मिटलं. त्याच्या पुढच्या वळणाला त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर विसावला. ब्रेकवर पाय दाबून न ठेवता, गिअरच्या जोरावर, मालनबाईंनी अख्खा घाट उतरवला आणि ट्रक सावकाश कडेला लावला. रुचिराने तोंडावर हात धरला होता.

"ह्या खूय शिकलंस गो?" चंद्रप्रकाशांनी हळूच विचारलं.

"तुमच्याकडसून. गावाक जाताना तुमच्या पाठल्या सीटवर बसान येय मी. तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. मी तुमच्या हाताकडे."

चंद्रप्रकाशांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "खरी गाडी धक्को देता. बंद पडता. मागसून लोक हॉर्न मारतत."

"ता माका ठाऊक आसा. म्हणानच सांगतंय, शिकवा."

दुसऱ्या दिवशी कुंडलिक आले. पोहे खाल्ले, चहा घेतला, डेपोच्या गप्पा झाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग, चावी?"

"सॉरी रे. गाडीक ड्रायव्हर गावलो."

"कोण?"

चंद्रप्रकाशांनी चहाचा ट्रे उचलून नेणाऱ्या मालनबाईंकडे बोट दाखवलं. कुंडलिक मोठ्याने हसले. चंद्रप्रकाश हसले नाहीत. मग कुंडलिकही हसायचे थांबले आणि म्हणाले, "वहिनी, पहिल्या फेरीला मला बोलवा हां."

मालनबाई ड्रायव्हिंग स्कूलला जाऊ लागल्या. सकाळी खरी गाडी आणि दुपारी मी, अशी शिकवणी चालली. आता चंद्रप्रकाश शेजारी स्टूल टाकून बसायचे. मी खोटं बोलणार नाही, माझ्याकडून सगळं शिकता येत नाही. माझ्यात रिक्षा अचानक आडवी येत नाही, की बाजारात कोणी कुत्र्याला घेऊन मधेच उभं राहत नाही. पहिल्या परीक्षेत मालनबाईंची गाडी चढावर दोनदा बंद पडली आणि त्या नापास झाल्या. घरी येऊन पिशवीसुद्धा खाली न ठेवता माझ्यासमोर बसून राहिल्या.

"जमाचा नाय म्हणालात तां खरा," त्या म्हणाल्या.

चंद्रप्रकाश स्टूल ओढून बसले. "एक सांगू? एसटीच्या ट्रायलीत मी पण पहिल्यांदा नापास झाल्लंय. आयशीक सांगलंय की साहेब इलोच नाय."

"लग्नाक पस्तीस वर्सां झाली. माका कधी सांगूक नाय तां?"

"आज सांगतंय मा."

दोघं हसायला लागली. रुचिरा आतून धावत आली आणि कारण न कळताच हसू लागली. दुसऱ्या खेपेला मालनबाई पास झाल्या.

गेल्या रविवारी सकाळी खालून हॉर्न वाजला, एकदाच, बेताचा. मालनबाई सगळ्यांना घेऊन मुलुंडवरून ऐरोलीच्या पुलाकडे निघाल्या होत्या. मी घरातच राहिलो. मला कुठे जाता येतं! दोन तासांनी सगळे परत आले. मालनबाईंचं नाक घामाने चमकत होतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, निकाल ऐकायचा असल्यासारख्या.

"बाबा, सांगा ना, आईने कशी चालवली?" रुचिराने विचारलं.

चंद्रप्रकाश जरा ओशाळले. "काय माहीत. पुलावर माका डोळो लागलो."

रुचिराला वाटलं, बाबांनी थट्टा केली. पण मालनबाई एकदम खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. दुसऱ्याच्या हाती गाडी असली की ड्रायव्हरला झोप लागत नाही, त्याचा पाय आपोआप ब्रेक शोधत राहतो. आज तो पाय निवांत होता.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मागणी नाही. मला ओल्या फडक्याने पुसू नका, बोटाने दाबू नका, काम नसेल तेव्हा बंद करा. आणि घरात कुठलीही वस्तू आली, की ती एकाच माणसाच्या नावावर करून ठेवू नका. जो माणूस ती रोज पुसतो, त्याला एकदा तरी विचारा, "तुला बघायचंय का चालवून?" आमच्यासारख्या वस्तू धुळीने खराब होतात, हे खरं आहे. पण आमच्यासमोर बसायची इच्छा असून कुणी वर्षानुवर्षं उभंच राहिलं, तर ते नुकसान कुठलाही कारागीर दुरुस्त करू शकत नाही.