तेलाची छोटी काच

मित्रांनो, कल्पना करा, तुम्ही चढावर पळत आहात आणि दर पावलाला कोणीतरी भात्याने तुमच्या छातीत ताजी हवा भरते आहे. मग पाय कसे पळतील! गाडीच्या इंजिनासाठी मी आयुष्यभर तेच केले. मी एक जुना सुपरचार्जर आहे.

माझ्या पोटात दोन जाडजूड रोटर आहेत. ते शेजारी शेजारी फिरत, पण एकमेकांना कधी शिवत नसत. मध्ये कागदाएवढीच फट. ती फट राखत टोकाची दातेरी चाके, आणि ती चाके जगत तेलावर. माझ्या एका भावाच्या पोटात मळसूत्रासारखे दांडे असतात, दुसऱ्याचा एकच पंखा गरगरतो. आम्ही सगळे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो.

एका मिस्त्रीने मला स्वतःच्या गाडीत बसवले. पुढे माझ्या जोडीला हवा भरणारा टर्बो आणला. तो इंजिनाच्या टाकाऊ धुरावर फिरे, पण त्याला जाग उशिरा येई. तोवर मी गाडी ओढायची. तो जागा झाला की एक झडप उघडे आणि मी विसावा घेई.

"एक पहाटे उठणारा, एक उन्हं अंगावर आल्यावर," मिस्त्री लेकीला हसून सांगे. "दोघांची मोट बांधली म्हणून चढ जमतो, चिमणे!"

माझ्या अंगावर तेल दाखवणारी एक छोटी काच होती. मिस्त्री तिच्याकडे कधी बघत नसे. लांब स्क्रूड्रायव्हर मला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायचा, झाले. "काच बघतो तो शिकाऊ, कानाने ओळखतो तो मिस्त्री," असे तो म्हणे.

पण वर्षे गेली तशी ती मूठ कानावर जास्त जोराने दाबली जाऊ लागली. कानाच्या पाळीवर लाल वळ उठे. गिऱ्हाईक बोलले की तो नुसता मान हलवी. मला कळले होते. मी कोणाला सांगणार?

एका दुपारी चिमणी म्हणाली, "बाबा, हा खरखरतोय."

"शिट्टी वाजवतोय तो. जन्माचा शिट्टीबाज आहे."

"शिट्टी नाही हो! काच तरी बघा ना."

"तू पाळण्यात होतीस तेव्हापासून याची नाडी बघतोय मी. मला शिकवू नकोस!"

काच कोरडी होती. त्याच संध्याकाळी चढावर माझी चाके झिजून सरकली आणि रोटर रोटरला भिडला. तो आवाज मात्र मिस्त्रीला हातातल्या स्टिअरिंगमधून कळला.

माझ्या जागी त्याने साधा पाइप जोडला. मला पुसून फळीवर ठेवले. एकटा टर्बो आता चढावर धापा टाकतो. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगला आणि गिऱ्हाइकांना परत पाठवू लागला. मित्रांनो, मी मोडलो याचे मला एवढे दुःख नाही. आपल्याला ऐकू येत नाही, हे त्याने कोणाला सांगितले असते तर!

आठव्या दिवशी चिमणीने माझ्या काचेवरची धूळ फ्रॉकने पुसली. मग खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला, चालू इंजिनाला टेकवला आणि मूठ आपल्या कानाला लावली. दुसऱ्या हाताने तिने बाबांचे मनगट धरले. इंजिनाचा ठोका आला की ती मनगटावर बोट आपटे. टक, टक, टक. मग तिने नख हलकेच ओढले.

मिस्त्रीने मनगटावरच्या नखाकडे पाहिले. "खरखर?" त्याने विचारले. "आता पाण्याच्या पंपावर टेकव."

चिमणीने स्क्रूड्रायव्हर पंपावर टेकवला आणि बोट पुन्हा त्याच्या मनगटावर ठेवले.